नाईलवरची दहबिया आणि तिचे विसरलेले रईस

इजिप्तमध्ये इस्ना ते अस्वान या टप्प्यात नाईल नदीवर शिडाच्या जुन्या पद्धतीच्या नौका पुन्हा दिसू लागल्या आहेत. त्यांना दहबिया म्हणतात. मोजक्याच खोल्या, वर लाकडी फळ्यांचा सज्जा, पुढे आणि मागे एकेक तिरके शीड. एखादे कुटुंब किंवा मित्रमंडळी अख्खी नौका भाड्याने घेतात आणि चार-सहा दिवस नदीवर राहतात. यातल्या बऱ्याच नौका जुन्या धाटणीवर नव्याने बांधलेल्या आहेत, तर काही एकोणिसाव्या शतकातल्या मूळ नौका दुरुस्त करून पाण्यात उतरवल्या आहेत. त्यांच्या सोबतीला 'सुदान' ही आगबोटही आहे. ती १९२१ची. अनेक वर्षे पडून राहिल्यावर तिची डागडुजी झाली आणि आता तीही पर्यटकांना घेऊन फिरते.

जुन्या नौका जपल्या जात आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. लाकडाची नौका वापरात राहिली तरच टिकते. पण या सहलींची माहितीपत्रके वाचली की एक गोष्ट खटकते. त्यांत नौकेचा इतिहास म्हणून जी नावे येतात ती अशी: फ्लोरेन्स नाइटिंगेल, अमेलिया एडवर्ड्स, थॉमस कुक, अगाथा ख्रिस्ती. म्हणजे जे बसून गेले त्यांचा इतिहास आहे. ज्यांनी नौका बांधली, हाकली, वाळूत रुतली तेव्हा छातीभर पाण्यात उतरून ढकलली, त्यांचा पत्ता नाही. ही नौका अरबी नावाची, तिचे खलाशी मुस्लिम, नदी त्यांच्या घरासमोरची. तरी इतिहास सुरू होतो तो इंग्रज पाहुणा पायरी चढतो तिथपासून. म्हणून हा इतिहास जरा मागून पाहिला पाहिजे.

सोन्याची नौका

दहबिया हा शब्द अरबी 'ज़हब' म्हणजे सोने यावरून आला. इजिप्तच्या बोलीत ज़हबचा उच्चार दहब होतो. म्हणून दहबिया म्हणजे सोनेरी नौका. राज्यकर्त्यांच्या नौकांवर सोन्याचा मुलामा असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. ही कथा निराधार नसावी. इराणी प्रवासी नासिर खुसरो १०४७ साली कैरोत पोहोचला, तेव्हा तिथे फातिमी खलिफा अल-मुस्तन्सिरची सत्ता होती. नाईलला पूर आला की कैरोच्या कालव्याचा बांध समारंभपूर्वक फोडला जाई. खलिफाची स्वारी, लष्कर, वाद्ये, लोकांची गर्दी यांचे सविस्तर वर्णन नासिर खुसरोने केले आहे. खलिफाच्या खास नौका आणि त्यांवरचे सोन्या-चांदीचे काम यांचीही त्याने नोंद घेतली आहे.

हा नुसता दरबारी थाट नव्हता. रोदा बेटावर आजही उभा असलेला नाईलमापक ८६१ साली अब्बासी खलिफा अल-मुतवक्किलच्या काळात बांधला गेला. विहिरीसारख्या खोल बांधकामाच्या मधोमध एक खांब आणि त्यावर हातांच्या मापाच्या खुणा. पाणी सोळा हातांवर गेले की पीक येणार, त्यामुळे सरकारचा सारा वसूल होणार. कमी भरले तर दुष्काळ. नदीचा पूर, शेतकऱ्याचे ताट आणि राजाची तिजोरी यांचे नाते त्या खांबावर कोरलेले होते. सोनेरी नौका त्या नात्याचा उत्सव होती.

हाजींची वाट

सामान्य माणसासाठी नाईल हा रस्ता होता, आणि काही शतके तो हजचाही रस्ता होता. क्रुसेडरांच्या काळात सिनाईमार्गे जाणे धोक्याचे झाले, तेव्हा मगरिब आणि अंदलुसचे हाजी कैरोहून नौकेने दक्षिणेला कूसपर्यंत जात. तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरचे ऐज़ाब बंदर गाठत आणि जहाजाने जेद्दाहला उतरत. अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर ११८३ साली याच वाटेने गेला. कैरो ते कूस या नौकाप्रवासाला त्याला १८ दिवस लागले. वाटेतल्या गावांबरोबरच जकातीच्या नाक्यांवर हाजींची होणारी झडती आणि छळ यांबद्दलही त्याने रागाने लिहिले आहे.

इब्न बतूताही १३२६ साली ऐज़ाबच्या वाटेने निघाला होता. हाच इब्न बतूता पुढे आपल्या दौलताबादलाही आला. नाईलबद्दल त्याचे निरीक्षण फार सुंदर आहे. या नदीवर प्रवास करणाऱ्याला शिदोरी बांधून घ्यावी लागत नाही, असे तो सांगतो. वजू करायचा असो, नमाज पढायची असो, काही विकत घ्यायचे असो, माणूस हवा तिथे काठावर उतरू शकतो, कारण काठाने बाजारच बाजार आहेत. या प्रवासात नौका आणि गाव यांच्यात भिंत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढे काय बदलले ते कळते.

वारा, पाणी आणि रईस

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वारा मात्र वर्षातले बहुतेक दिवस उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो. म्हणून शीड उभारले की नौका प्रवाहाविरुद्ध वर चढते आणि शीड उतरवले की पाण्याबरोबर खाली येते. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतही दक्षिणेला जाण्याच्या चिन्हात नौकेला फुगलेले शीड दाखवत आणि उत्तरेला जाण्याच्या चिन्हात शीड नसे. हजारो वर्षे या नदीची वाहतूक याच देणगीवर चालली.

कागदावर हे सोपे वाटते, पाण्यावर नसते. दहबियेचा तळ सपाट, कारण नदी उथळ आणि वाळूचे पट्टे दरवर्षी जागा बदलणारे. पुढचे शीड आपल्या कोकणातल्या मचव्यासारखेच त्रिकोणी, पण त्याचा तिरका वासा इतका लांब की वाऱ्याचा अचानक झोत आला आणि दोर वेळेत सैल केला नाही तर नौका उलटलीच. वारा पडला तर खलाशी काठावर उतरत आणि दोर खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल नौका ओढत. परतीच्या वाटेवर शीड उतरवून ठेवत आणि पुढच्या भागात बसून वल्ही मारत, तालासाठी गात. अस्वानच्या धबधब्यातून नौका वर चढवायची तर तिथल्या शेखशी वेगळा सौदा करावा लागे. त्याची शेकडो माणसे खडकांवर उभी राहून दोरांनी नौका खेचत.

हे सगळे सांभाळणारा तो रईस. या शब्दाची गंमत अशी की आपल्याकडे उर्दूतून मराठीत आलेला रईस म्हणजे श्रीमंत, ऐटीत राहणारा माणूस. नाईलवरचा रईस म्हणजे नौकेचा प्रमुख, आपल्या तांडेलासारखा. 'रअस' म्हणजे डोके, त्यावरून आलेला हा शब्द. नकाशा त्याच्या डोक्यात असे. कोणत्या वळणावर वाळू सरकली, कोणत्या डोंगराच्या कुशीतून वारा दगा देतो, रात्री कुठे नांगर टाकायचा, ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. ती पुस्तकात नव्हती. म्हणून पुस्तके लिहिणाऱ्यांनी तिला विद्याही मानले नाही.

भाड्याची नौका

एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवाशांची रीघ लागली. या ओघात मुंबईचाही वाटा आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून निघून महिनाभरात सुएझला पोहोचली. तेव्हा कालवा नव्हता. सुएझहून वाळवंटातून कैरो, तिथून नाईलने आणि महमूदिया कालव्याने अलेक्झांड्रिया, पुढे युरोपचे जहाज, असा मार्ग सुरू झाला. महमूदिया कालवा मुहंमद अली पाशाने वेठबिगारीतून खोदून घेतला होता आणि त्या कामावर हजारो मजूर मेले होते. मुंबई इलाख्यातून रजेवर निघालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना इजिप्त आता वाटेतच लागू लागले.

हौशी प्रवासी कैरोच्या बूलाक बंदरावर जाऊन अख्खी दहबिया हंगामभरासाठी भाड्याने घेत. नौका आधी पाण्यात बुडवून उंदीर आणि किडे मारून घ्या, असा सल्ला त्या काळच्या इंग्रजी मार्गदर्शिकेत असे. मग पाहुणे आपल्या देशाचा झेंडा लावत आणि नौकेला नवे नाव देत. फ्लोरेन्स नाइटिंगेल १८४९-५०च्या हिवाळ्यात ज्या नौकेतून गेली, तिला तिने आपल्या बहिणीचे नाव दिले. नौकेचे आधीचे नाव काय होते हे कुणाला लिहून ठेवावेसे वाटले नाही.

अमेलिया एडवर्ड्सचा प्रवास १८७३-७४चा. त्यावरचे तिचे १८७७ सालचे पुस्तक आजही या सहलींचा आधारग्रंथ आहे. लेखिका मनाने कोरडी नव्हती. तिने नाईलच्या वास्तू वाचवण्यासाठी पुढे संस्था उभी केली आणि खलाशांबद्दल आपुलकीने लिहिले. तिच्याच पुस्तकातून कळते की पाच-सहा प्रवाशांच्या दिमतीला रईस, सुकाणूवाला, बारा खलाशी, दुभाषा, स्वयंपाकी, वाढपी अशी २० माणसे होती. पाहुणे मागच्या बाजूच्या खोल्यांत राहत, खलाशी पुढच्या फळ्यांवर उघड्यावर झोपत. त्यांचे अन्न म्हणजे वाटेत गावात थांबून भाजून घेतलेली आणि उन्हात कडक वाळवलेली भाकरी, ती मसुरीच्या कालवणात भिजवून खायची. पियानो असलेल्या दिवाणखान्यापासून हे अंतर काही पावलांचे होते.

त्याच पुस्तकात शिकारीचा एक प्रसंग आहे. नौकेवरच्या एका पाहुण्याचे छरे चुकून गावातल्या लहान मुलाला लागले. गावकरी चिडले, झटापट झाली. तक्रार गेली ती गावकऱ्यांविरुद्ध. त्यांना पकडण्यात आले, एकाला फटक्यांची शिक्षा झाली आणि पाहुण्यांनीच दया दाखवून ती मध्येच थांबवली. परदेशी माणसावर तेव्हा इजिप्तच्या न्यायालयांचा अधिकार चालत नसे. ऑटोमन सवलतींच्या जुन्या करारांनी त्याला हे कवच दिले होते. पुढे १९०६ साली दिनशवाई गावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबुतरांच्या शिकारीवरून असाच संघर्ष झाला आणि चार गावकऱ्यांना फासावर चढवण्यात आले. त्या फाशीने इजिप्त पेटला. दहबियेवरचा प्रसंग मात्र प्रवासवर्णनातला एक किस्सा होऊन राहिला.

सगळेच पाहुणे सारखे नव्हते, हेही सांगायला हवे. क्षयाने आजारी असलेली ल्यूसी डफ गॉर्डन १८६२ मध्ये इजिप्तला आली आणि बरीच वर्षे लक्सरला राहिली. ती अरबी शिकली, गावातल्या आजाऱ्यांना औषध देऊ लागली. लोकांनी तिला 'नूर अला नूर' हे कुराणातल्या शब्दांवरून घेतलेले नाव दिले. वेठबिगारीने ओस पडणारी गावे, करवसुलीचा जाच आणि १८६५ साली दक्षिणेत झालेल्या उठावानंतरची निर्दयता तिने आपल्या पत्रांतून कळवली. १८६९ साली कैरोत तिचे निधन झाले. काठावर उतरून राहिल्याशिवाय काठ कळत नाही, याचा तिच्याइतका चांगला पुरावा नाही.

कापूस, कर्ज आणि कुक

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि इजिप्तमध्येही. युद्ध संपताच मुंबईतल्या बँका आणि पेढ्या कोसळल्या. इजिप्तचा राज्यकर्ता इस्माईल याने मात्र महाल, रेल्वे, कालवे यांसाठी कर्ज काढणे चालूच ठेवले. १८७५ साली त्याला सुएझ कालव्यातले आपले भाग ब्रिटनला विकावे लागले. १८७९ साली तो पदच्युत झाला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला लष्करी अधिकारी अहमद उराबी याच्या नेतृत्वाखाली 'इजिप्त इजिप्तवाल्यांचा' ही मागणी उठली. १३ सप्टेंबर १८८२ रोजी तल अल-कबीरच्या लढाईत ब्रिटिश फौजेने उराबीचा पराभव केला. त्या फौजेत हिंदुस्थानातून आणलेले शिपाईही होते. उराबीची रवानगी सिलोनला झाली.

या काळात नदीवर थॉमस कुकच्या आगबोटी आल्या. १८६९ साली कुकने पहिली टोळी नाईलवर नेली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीला इस्माईलच्या सरकारी आगबोटींवर प्रवासी नेण्याचा मक्ता मिळाला. दहबियेला दोन-तीन महिने लागत, आगबोट तीन आठवड्यांत अस्वानहून परत येई. पर्यटन आणि साम्राज्य तेव्हा एकाच घाटावर उभे होते. १८८४ साली जनरल गॉर्डनला नाईलमार्गे सुदानकडे नेले ते कुकच्याच कंपनीने. तो खार्तूममध्ये अडकल्यावर त्याच्या सुटकेसाठी निघालेले हजारो सैनिक, कोळसा आणि ८०० होड्या वर पोहोचवण्याचे कंत्राटही तिलाच मिळाले. मदत पोहोचण्याच्या दोन दिवस आधी, २६ जानेवारी १८८५ रोजी खार्तूम महदीच्या हाती पडले. त्यानंतर कुकने नव्या आलिशान आगबोटी बांधून घेतल्या.

'सुदान' ही १९२१ची आगबोट त्याच परंपरेतली. १९१९ची इजिप्तची क्रांती नुकतीच दडपली गेली होती आणि जिच्या नावाने ही बोट ओळखली जाते ती सुदानची भूमी ब्रिटिशांच्या ताब्यात होती. १९३३ साली अगाथा ख्रिस्तीने या बोटीने प्रवास केला आणि १९३७ साली तिची नाईलवरच्या खुनाची कादंबरी आली. आज बोटीची ओळख त्या कादंबरीपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते.

बुडालेली गावे, हटवलेली घरे

नाईलवरचे बरेच खलाशी नूबी होते. अस्वानच्या दक्षिणेला नदीकाठी त्यांची गावे होती. १९०२ साली अस्वानला पहिले धरण झाले, १९१२ आणि १९३३ साली त्याची उंची वाढवली गेली. प्रत्येक वेळी खजुराची बने पाण्याखाली गेली आणि पुरुष कैरो-अलेक्झांड्रियात दरवान, आचारी, खलाशी म्हणून कामाला गेले. मग उंच धरण आले. १९६३-६४ साली इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नूबींना कोम ओम्बोजवळच्या वसाहतींत हलवण्यात आले. सुदानमधले वादी हल्फाही बुडाले. तिथले लोक निघण्यापूर्वी कब्रस्तानात गेले, आपल्या माणसांच्या कबरींवर फातिहा पढून निघाले. त्याच वेळी अबू सिम्बेलची मंदिरे वाचवायला जगभरातून पैसा उभा राहिला. मंदिरे कापून उंचावर नेली. ते योग्यच झाले. पण गावे कुणी उंचावर नेली नाहीत. २०१४च्या संविधानात नूबींना दहा वर्षांत मूळ भागात परतवण्याचे वचन दिले गेले. ती मुदत उलटून गेली आहे.

आणखी एक घटना अगदी अलीकडची. कैरोत नाईलच्या काठाला बांधलेल्या राहत्या नौका, म्हणजे अव्वामा, हे शहराचे जुने वैशिष्ट्य. नजीब महफूज़ यांची १९६६ सालची प्रसिद्ध कादंबरी अशाच एका नौकेवर घडते. २०२२च्या उन्हाळ्यात सरकारने उरलेल्या तीसएक राहत्या नौका हटवल्या. त्यांत लेखिका अहदाफ सुवैफ यांचेही घर होते. म्हणजे एकीकडे पाहुण्यांच्या जुन्या नौका वारसा म्हणून सजवल्या जात असताना, दुसरीकडे रहिवाशांच्या जुन्या नौका अडथळा म्हणून तोडल्या गेल्या.

दुरुस्ती कशाची?

जुनी नौका दुरुस्त करताना सुतार सडलेली फळी काढतो आणि नवी बसवतो. इतिहासाची दुरुस्तीही तशीच करावी लागते, कारण त्यातल्याही काही फळ्या गायब आहेत. आजच्या दहबियांवरही रईस आहे, खलाशी आहेत. वारा पडला की आता छोटी इंजिनाची बोट ओढायला येते, पण वाळू ओळखणारी नजर अजून माणसाचीच लागते. त्यांच्याकडे आजोबांच्या गोष्टी आहेत, गाणी आहेत, बुडालेल्या गावांची नावे आहेत. नौकेच्या भिंतीवर इंग्रज प्रवाशांच्या तसबिरींशेजारी त्यातले काही लावायला फार खर्च येणार नाही.

हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नाही. नाखवा, सरंग हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि नाखवा तर कोकणात आडनाव होऊन घरोघरी राहिले. सुएझ कालव्यातून जाणाऱ्या मोठ्या ब्रिटिश जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडच्या कोकणी मुस्लिमांच्या पिढ्या राबल्या. त्या जहाजांच्या चकचकीत इतिहासात कप्तान आहेत, पहिल्या वर्गाचे प्रवासी आहेत, जेवणाच्या याद्यासुद्धा आहेत. दाभोळ, बाणकोट, राजापूरच्या खलाशांची नावे शोधायला गेलो तर ती घरातल्या जुन्या 'नली'त, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या दाखल्यात सापडतात, किंवा सापडतही नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते जपावेत, आणि ज्यांच्या घरी समुद्रावर गेलेले म्हातारे अजून आहेत त्यांनी त्यांना बोलते करावे. लाकूड शंभर वर्षांनीही दुरुस्त होते. रईसाच्या डोक्यातला नकाशा त्याच्याबरोबर दफन होतो.